नळाची चावी आणि घरमालक

पुण्याच्या पेठांतून जुने वाडे पाडून तेथें नव्या इमारती उठविण्याचें काम कित्येक वर्षें चाललें आहे. त्यांत एक प्रकार वारंवार कानीं येतो. भाडेकरूनें बिऱ्हाड हालवावें अशी मालकाची इच्छा असते. दावा लावावा तर वेळ फार जातो. म्हणून एके दिवशीं नळाचें पाणी बंद होतें, जिन्यांतला दिवा जातो, नाहीं तर सामाईक शौचकूपाची झाडलोट थांबते. तोंडानें कोणी कोणास 'निघा' म्हणत नाहीं. परंतु ज्या घरांत तान्हें मूल आहे आणि अंथरुणास खिळलेली आजी आहे, त्या घरानें पाण्यावांचून आठ दिवस कसे काढावे? कित्येक भलीं माणसें या मुक्या नोटिशीपुढें मान तुकवून निघून जातात, आणि कायदा आपल्या बाजूचा होता हें त्यांस मागाहून कळतें.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचें २९ वें कलम या प्रकारासाठींच आहे. (मुंबईच्या १९४७ च्या जुन्या कायद्यांतहि अशी तरतूद होती, तेव्हां ही युक्ति कांहीं आजची नव्हे.) रास्त व पुरेशा कारणावांचून भाडेकरूचा आवश्यक पुरवठा मालकानें स्वतः अथवा दुसऱ्याकरवीं तोडूं नये, असें तें कलम सांगतें. पाणी, वीज, जिन्यांतील व बोळांतील दिवे, लिफ्ट आणि स्वच्छतेची व्यवस्था हीं सर्व त्यांत येतात. कायदा करणारांनीं मालकाची एक खुबी चांगली ओळखली होती. तो स्वतः कशासहि हात लावीत नाहीं. नुसती पाणीपट्टी थकवितो, आणि नळ तोडावयास नगरपालिकेचा माणूस येतो! असा पुरवठा मालकाच्या कृतीमुळें वा हयगयीमुळें तुटला, तरी तो मालकानेंच रोखला असें कायदा मानतो.

भाडेकरूनें न्यायालयांत अर्ज करावा. मुंबई-पुण्यास लघुवाद न्यायालयांत, इतरत्र बहुधा तेथील दिवाणी न्यायालयांत. निकड दिसल्यास मालकास चौकशीची नोटीस जाण्यापूर्वींहि पुरवठा पूर्ववत् करण्याचा अंतरिम हुकूम न्यायालय देऊं शकतें. नेमल्या दिवसापर्यंत तो पाळला नाहीं, तर पुढील दररोज शंभर रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. शंभर रुपयांचा धाक आज कोणास वाटणार, हें मलाहि कळतें. पण मूळ गुन्हा शाबीत झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे, आणि कैदेचें नांव निघालें कीं पुष्कळांची चावी सांपडते. वाड्यांतील सर्वांनीं मिळून एकच अर्ज केला तरी चालतो. एकटा गृहस्थ भितो. पांच बिऱ्हाडें सहसा भीत नाहींत.

याहूनहि उपयोगी गोष्ट त्याच कलमाच्या शेवटीं आहे. भाडेकरू स्वतःच्या खर्चानें नळ वा वीज थेट संबंधित अधिकाऱ्याकडे मागूं शकतो, आणि मालकाच्या ना-हरकत पत्राचा आग्रह न धरतां ती देणें कायदेशीर ठरतें. विजेविषयीं तर २००३ च्या विद्युत् अधिनियमाचें ४३ वें कलम मालकाबरोबरच 'ताबेदारा'चाहि अर्ज ग्राह्य धरतें. मे २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि स्पष्ट केलें कीं, वीज ही मूलभूत सोय असून मालकाचें ना-हरकत पत्र नाहीं एवढ्यावरून ती भाडेकरूस नाकारतां येत नाहीं. अर्जदार त्या जागेंत राहतो आहे किंवा नाहीं, एवढेंच पाहावयाचें. 'लीव्ह अँड लायसन्स'च्या करारानें राहणाऱ्यास 'भाडेकरू' ही संज्ञा सहसा लागत नाहीं. त्यानें वकिलास विचारावें.

आपल्या वाचकांत वाड्यांचे मालकहि आहेत. जुनीं भाडीं इतकीं अल्प आहेत कीं त्यांतून कौलेंहि शाकारून होत नाहींत, ही त्यांची तक्रार खरी आहे. सालीना शेंकडा ४ वाढ कायद्यानें दिली, तीहि मूळ रकमेच्या मानानें क्षुल्लकच. परंतु भाडें थकलें तर लेखी मागणी करून ९० दिवसांनीं दावा लावतां येतो. स्वतःस जागेची खरी गरज असेल किंवा इमारत पाडून नवी बांधावयाची असेल, तर त्यासहि कायद्यांत वाट आहे. ती लांबची आहे म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांचें पाणी तोडावें, हें मला मुळींच पटत नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत, नको म्हटल्यावरहि राहणारा आणि भाडें देणाऱ्यास बाहेर काढणारा, या दोघांसहि सारखाच बारा पण दंड सांगितला आहे. अर्थात् चोरी, साहस इत्यादि अपराध करणाऱ्या भाडेकरूची गोष्ट त्यानें निराळी ठेवली.

भाडेकरूनेंहि एक पथ्य पाळावें. पाणी बंद झाल्याच्या रागानें भाडें थकवूं नये. मालक घेत नसेल, तर रक्कम नोंद राहील अशा रीतीनें बँकेमार्फत पाठवावी आणि पुरवठा कोणत्या दिवशीं, किती वाजतां तुटला, हें त्याच दिवशीं लिहून शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्या. भाड्याची पावती देणें २६ व्या कलमानें मालकावर बंधनकारक आहे. ती दरमहा मागून घ्यावी.