पावतीच्या पाठीमागे

व्यापारी कायद्याच्या तासाला 'निक्षेप' हे प्रकरण सुरू झाले की मागच्या बाकांवर पेंग येते, हा आपल्या कॉलेजचा जुना अनुभव आहे. मीही त्याच बाकांवरचा. पण गेल्या सत्रात माझा एक नवा कोरा सदरा लाँड्रीतून गुलाबी होऊन परत आला, आणि त्या रात्री भारतीय करार कायदा, १८७२ यातील कलम १४८ पासून पुढची पाने मी अशा तन्मयतेने वाचली की आईला वाटले परीक्षाच जवळ आली.

सदरा पांढरा, सुती, दुर्गदबैलातून घेतलेला. ताईच्या साखरपुड्यासाठी. सुट्टीत एका दुकानाचे हिशेब लिहून मिळालेल्या पैशांतला तो होता, म्हणून त्याचे कौतुक जरा जास्त. साखरपुड्यात पंक्तीला वाढताना बाहीवर सांबार सांडले. घरी धुऊन वाट लागेल या भीतीने मी तो लाँड्रीत टाकला. तीन दिवसांनी सुंदर घडी घालून, कागदात गुंडाळून तो हाती आला. घरी घडी उलगडली तर कॉलर आणि डावी बाही गुलाबी! कुणाच्या तरी लाल ओढणीच्या सहवासात त्याने एक रात्र काढली असावी.

मी तसाच परत गेलो. मालकांनी सदऱ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "तम्मा, पावती उलटी करून वाच," एवढेच म्हणाले. पावतीच्या पाठीमागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापले होते की रंग जाणे, कापड फाटणे वा हरवणे यांस आम्ही जबाबदार नाही. ज्या गल्लीत गिऱ्हाईक कन्नडात भाव करते आणि मराठीत कुरकुरते, तिथे जबाबदारी झटकायला तेवढी इंग्रजी! मी नुकसानभरपाईची भाषा सुरू केली आणि पायरी उतरलो, तर इस्त्री करणारा मुलगा मागोमाग आला. माझ्याच वयाचा असेल. हळूच म्हणाला, "अण्णा, पगारदाग मुरकोतार्री." पगारातून कापून घेतात. 'पगार' हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत एकच, त्यामुळे समजायला वेळ लागला नाही.

इथून खरा पेच सुरू झाला. त्याची हकीकत सांगण्याआधी सदऱ्याचे काय झाले ते सांगतो, कारण बऱ्याच वाचकांना तेच हवे असेल.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. आत्या म्हणाली मिठाच्या पाण्यात घाल, मावशी म्हणाली व्हिनेगर ओत. आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, भावसार, म्हणजे पिढीजात रंगारी. ते ऐकून हसले. "अरे बाळा, सुती कापड रंगवताना भट्टीत मीठ घालतात ते रंग धाग्यात शिरावा म्हणून. तू तो काढायला निघालास ना?" व्हिनेगरचेही तसेच. रेशीम आणि लोकर ज्या रंगांनी रंगवतात त्यांना आम्ल मानवते, सुताला त्याचा काही उपयोग नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रंग लागलेले कापड वाळू द्यायचेच नाही आणि त्यावर इस्त्री तर मुळीच फिरवायची नाही. माझ्या सदऱ्यावर दोन्ही संस्कार होऊन गेले होते. तरी त्यांनी आशा सोडली नाही. आतली पट्टी वाचून निखळ सुती असल्याची खात्री करून घेतली. मग बऱ्यापैकी गरम पाणी, धुण्याची पूड आणि सोडियम परकार्बोनेट, जे हल्ली ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळते, यांत रात्रभर भिजवले. सकाळी पाणी फिकट गुलाबी! ते ओतून पुन्हा नवे पाणी. असे तीनदा. क्लोरीनच्या ब्लीचला त्यांनी हात लावू दिला नाही. सुताचा कस जातो, आणि त्यात कुणी व्हिनेगर मिसळले तर विषारी वायू निघतो. चौथ्या दिवशी कॉलर स्वच्छ झाली, बाहीवर मात्र एक पुसट छटा राहिली. बारा आणे यश.

आजोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. स्वस्त रंग धाग्याला नुसता चिकटलेला असतो. चांगला रंग धाग्याशी रासायनिक नाते जोडतो, पण रंगवल्यावर उरलासुरला रंग नीट धुऊन काढला नाही तर तोही पहिल्या एक-दोन धुण्यांत सुटतो. म्हणजे माझ्या सदऱ्याचा पहिला गुन्हेगार ती ओढणी विकणारा! आपल्याच हुबळीत, बेंगेरीला, १९५७ साली स्थापन झालेल्या कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघात राष्ट्रध्वज तयार होतात. ध्वजाच्या कापडाचा रंग उन्हात आणि धुण्यात टिकतो की नाही याची मानकानुसार परीक्षा होते. केशरी रंग खालच्या पांढऱ्यावर उतरून कसे चालेल? ध्वजाला जी हमी मिळते तिचा दहावा हिस्सा तरी आमच्या बहिणींच्या ओढणीला मिळावा की नाही? दुकानदाराला विचारा, तो म्हणतो, "कलर गॅरंटी इल्ल्री."

आता तो पेच. कलम १५१ सांगते की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य समजुतीचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतलीच पाहिजे. स्वतःचा पांढरा सदरा लाल ओढणीबरोबर कोण भिजवतो? आणि पावतीमागच्या ओळींची किंमत काय, तर मद्रास उच्च न्यायालयातील 'लिली व्हाईट' खटला पाहावा. १९६६ च्या निवाडासंग्रहात तो आहे. लाँड्रीत टाकलेली एक नवी साडी हरवली होती. किमतीचा ठरावीक अंशच भरून देऊ, असे पावतीवर छापलेले होते. अशी अट सार्वजनिक हिताच्या विरुद्ध, म्हणून अग्राह्य, असे न्यायालयाने ठरवले. शिवाय २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, धारवाडात जिल्हा आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्कही नाही. माझी बाजू भक्कम होती. अर्ज लिहून तयार होता. पण तो दाखल केला तर पैसे जाणार कुणाच्या खिशातून?

मित्रांचे मत एकमुखी होते, "सोडून दे रे, गरिबाच्या पोटावर पाय नको." मलाही दोन दिवस ते उदात्त वाटले. मग जमाखर्च मांडून पाहिला. मी दावा सोडला तर फायदा कुणाचा? त्या मुलाचा पगार वाचतो हे खरे, पण मालकाची जबाबदारीही वाचते. म्हणजे माझी दया मालकाच्या खात्यावर जमा! तो मुलगा मालकाची ढाल झाला आहे, आणि त्याला पुढे उभा करणारे आपणच. वस्तू मी सोपवली ती मालकाला. पावतीवर नाव त्याचे, नफाही त्याचा. मग तोटा तेवढा इस्त्रीवाल्याचा कसा? धुण्याची प्रतिष्ठा आपल्या दोन्ही भाषांनी मानलेली आहे. कन्नडात बाराव्या शतकातले शरण मडिवाळ माचिदेव, मराठीत परिटाच्या घरी जन्मलेले गाडगे महाराज. जयंतीला हार घालायचे आणि इस्त्रीवाल्याचा पगार कापला तर मान फिरवायची, हे मला पटत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की तक्रार करावी, पण ती मालकाशी आणि लेखी, आणि त्यात एक ओळ जास्तीची घालावी की ही रक्कम कोणाच्याही पगारातून कापू नये. कायद्याने अशी ओळ बंधनकारक होते असा माझा दावा नाही. पण लिहिलेल्या ओळीची माणसाला थोडी लाज वाटते.

मी अर्ज आयोगाकडे न नेता आधी मालकांकडे नेला, मराठीत आणि कन्नडात लिहून. ते बरेच बोलले. मराठी शाळेत शिकून एवढा कायदा कुठून आला, असेही विचारले. शेवटी धुलाईचे पैसे परत केले आणि सदऱ्याची निम्मी किंमत दोन हप्त्यांत द्यायचे कबूल केले. पहिला हप्ता मिळाला आहे. दुसऱ्यासाठी आतापर्यंत चार खेपा झाल्या. पावतीची नवी पुस्तके छापून आली, पाठीमागची इंग्रजी तशीच आहे.

पगार कापला का, असे मी त्या मुलाला मालक नसताना विचारले. त्याने मान हलवली, नाही. मग टेबलाखालून पांढऱ्या कापडाची एक ओली चिंधी काढून दाखवली. हल्ली प्रत्येक रंगीत कपड्याच्या आतल्या शिवणीवर तो ती घासून बघतो, आणि चिंधीला रंग लागला की तो कपडा वेगळ्या बादलीत. चिंधीवर तेव्हा लाल, निळे आणि एक हिरवा असे डाग होते. माझा सदरा मी बाह्या दुमडून घालतो.