विश्लेषण : हिमोग्लोबिन नॉर्मल, तरी शरीरात लोह कमी? ‘फेरिटिन’ नेमकं काय सांगतं?

कोविडच्या लाटेत रुग्णांचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर फिरत होते तेव्हा सीआरपी आणि डी-डायमरसोबत आणखी एक शब्द घराघरांत पोहोचला, फेरिटिन. तेव्हा चिंता होती ती फेरिटिन वाढल्याची. आता केसगळती आणि सततच्या थकव्यावरच्या रील्समध्ये तोच शब्द ‘कमी’ असल्याबद्दल ऐकू येतो. एकच प्रथिन दोन्हीकडे कसं? आणि देशातला ॲनिमिया मोजताना ते बहुतेक वेळा बाजूला का राहतं?

फेरिटिन म्हणजे काय?

फेरिटिन हे पेशींमधलं लोहाचं कोठार. १९३७ मध्ये चेक शास्त्रज्ञ विलेम लाउफबर्गर यांनी घोड्याच्या प्लीहेतून ते वेगळं केलं. प्रथिनाच्या २४ साखळ्या एकत्र येऊन एक पोकळ गोळा तयार होतो आणि त्यात लोहाचे सुमारे ४,५०० अणू मावतात.

कोठार लागतंच कशाला? कारण मोकळं लोह घातक असतं. पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याचा संयोग झाला की अतिशय विध्वंसक रेणू तयार होतात. ते पेशींचं आवरण आणि डीएनए यांना इजा करतात. फेरिटिन लोहाचं रूप बदलून ते आत कोंडून ठेवतं आणि गरज पडेल तसं बाहेर सोडतं.

मग हिमोग्लोबिन आणि फेरिटिन यांत फरक काय?

हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं पीठ आणि फेरिटिन म्हणजे कणगीतलं धान्य. कणगीचा तळ दिसायला लागला तरी डब्यात पीठ असेपर्यंत भाकऱ्या होत राहतात. शरीराचंही तसंच आहे. लोह कमी पडलं की आधी साठा संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. या मधल्या काळात रिपोर्टवर हिमोग्लोबिन ‘नॉर्मल’ दिसतं, पण थकवा, केसगळती, लक्ष न लागणं अशा तक्रारी सुरू झालेल्या असू शकतात. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या मुली आणि स्त्रियांच्या बाबतीत हे वारंवार घडतं. त्यांची बोळवण ‘रिपोर्ट चांगला आहे, आराम करा’ एवढ्यावर होते.

पेशींमधलं थोडं फेरिटिन रक्तात उतरतं, त्यावरून साठ्याचा अंदाज येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या निकषांनुसार निरोगी प्रौढांमध्ये हे प्रमाण दर मिलिलिटरला १५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर लोहाची कमतरता मानली जाते. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ही मर्यादा १२ आहे. अनेक डॉक्टर मात्र ३०च्या खालीच सावध होतात.

देशाचे आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया असल्याचं आढळलं. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५३ टक्के होतं. म्हणजे गोळ्या वाटूनही आकडा वाढला. पण या फेरीत बोटाला सुई टोचून फक्त हिमोग्लोबिन तपासलं गेलं होतं. ॲनिमिया आहे एवढं त्यातून कळतं, तो कशामुळे आहे हे कळत नाही. बी-१२ किंवा फोलेटची कमतरता, जंतुसंसर्ग, सिकलसेल, थॅलेसेमिया अशी कारणं अनेक असतात.

२०१६-१८च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांच्या शिरेतून रक्त घेऊन फेरिटिनही तपासलं गेलं. १ ते ४ वर्षांच्या ४१ टक्के मुलांना ॲनिमिया होता, तर लोहाची कमतरता ३२ टक्के मुलांत आढळली. दुसरी गोष्ट आणखी चक्रावणारी होती. ॲनिमिया गरीब घरांत जास्त, पण लोहाची कमतरता शहरी आणि सधन घरांतल्या मुलांत जास्त! फक्त हिमोग्लोबिन पाहिलं असतं तर ही मुलं नजरेतून सुटली असती.

फेरिटिन जास्त म्हणजे लोह भरपूर?

नाही. शरीरात दाह किंवा संसर्ग असला की फेरिटिन वाढतं. कोविडमध्ये नेमकं हेच दिसलं. अशा वेळी यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं आणि लोहाला कोठारातच अडकवून ठेवतं. कणगी भरलेली, पण दाराला कुलूप. म्हणूनच संसर्ग असलेल्या प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा १५ऐवजी ७० ठेवली आहे. सोबत सीआरपी तपासल्याशिवाय फेरिटिनचा आकडा फसवू शकतो.

सगळ्यांनाच लोह दिलं तर?

शरीर रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतं आणि जादा लोह बाहेर टाकण्याची स्वतंत्र सोय त्याच्याकडे नाही. रक्ताच्या एका पिशवीतून मात्र २०० ते २५० मिलिग्रॅम लोह आत येतं. वारंवार रक्त घ्यावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये कोठारं ओसंडतात आणि लोह हृदय, यकृत, ग्रंथींमध्ये साचतं. त्यांच्यासाठी फेरिटिन म्हणजे धोक्याची घंटा. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात आढळणाऱ्या सिकलसेलच्या ज्या रुग्णांना वरचेवर रक्त द्यावं लागतं, त्यांनाही हा धोका असतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारी योजनांतून लोहयुक्त तांदूळ देण्यास डिसेंबर २०२८पर्यंत मंजुरी दिली. त्यासाठी १७,०८२ कोटी रुपयांची तरतूद झाली. ज्यांच्या शरीरात लोह कमी आहे त्यांना याचा उपयोग होऊ शकतो. पण ज्यांचा ॲनिमिया बी-१२च्या अभावाने किंवा सिकलसेलमुळे आहे, त्यांचं हिमोग्लोबिन या भाताने कसं वाढणार?

मग करायचं काय?

प्रत्येकाचं फेरिटिन तपासणं सरकारी यंत्रणेला परवडणारं नाही आणि त्याची गरजही नाही. पण सर्वेक्षणातल्या निवडक नमुन्यांत ते तपासलं, आणि गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेऊनही ज्यांचं हिमोग्लोबिन वाढत नाही त्यांच्यासाठी तालुका पातळीवर ही सोय केली, तरी चित्र बरंच स्पष्ट होईल. आणि तुमच्यापुरतं सांगायचं, तर रील पाहून लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. थकवा हटत नसेल, तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन आणि सीआरपी तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा. साठा कमी निघाला, तर तो का आटला हेही शोधायला हवं. कणगीला भोक असेल, तर नुसतं धान्य ओतून ती भरत नाही.