डिलिव्हरीच्या बाईकमधलं ऑइल जातं कुठे? दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये काय तपासायचं?

पेट्रोलचा हिशेब प्रत्येक डिलिव्हरी रायडरकडे तोंडपाठ असतो. टाकीत किती टाकलं, किती किलोमीटर झाले, हातात किती उरले. पण इंजिनमध्ये ऑइल किती आहे असं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘मागच्या महिन्यात बदललंय ना!’ प्रश्न ऑइल किती उरलं याचा असतो आणि उत्तर ते कधी बदललं याचं मिळतं. इंजिनचं मोठं काम निघतं ते याच फरकामुळे.

नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार 2020-21 मध्ये देशात 77 लाख गिग कामगार होते आणि 2029-30 पर्यंत हा आकडा 2 कोटी 35 लाखांवर जाण्याचा अंदाज आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या कामगारांचा समावेश आहे. अॅप कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम त्यांच्यासाठीच्या निधीत द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. विमा, आरोग्य, वृद्धापकाळ हे विषय त्यात येतात. स्वतःच्या गाडीचं इंजिन बसलं, तर तो खर्च मात्र रायडरचाच. वर गाडी गॅरेजमध्ये असेपर्यंत कमाई शून्य.

6 हजार किलोमीटर म्हणजे किती दिवस?

100-125 सीसीच्या बऱ्याच बाईकच्या मॅन्युअलमध्ये साधारण 6 हजार किलोमीटरला किंवा ठरावीक महिन्यांनी, यातलं जे आधी येईल तेव्हा, ऑइल बदलायला सांगितलेलं असतं. काही नव्या मोठ्या बाईकमध्ये हे अंतर 10 हजारांपर्यंत गेलं आहे. रोज 20 किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याला 6 हजार व्हायला 300 दिवस लागतात. रोज 100 किलोमीटर चालवणाऱ्या रायडरचे तेवढे 60 दिवसांत होतात.

त्यातही मीटरवर दिसतं त्यापेक्षा इंजिन जास्त चाललेलं असतं. हॉटेलबाहेर ऑर्डरची वाट बघताना चालू ठेवलेली गाडी, सिग्नल, पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली गर्दी, यातलं फारसं काही किलोमीटरमध्ये मोजलं जात नाही. एअर कूल्ड इंजिनला वारा लागतो तो गाडी पळताना. उभी गाडी तापते आणि तापलेलं ऑइल पातळ होतं.

मॅन्युअलमध्ये याच्या जवळपास आणखी एक ओळ असते, ती म्हणजे ऑइलची पातळी मधून मधून तपासा. ती फारसं कुणी वाचत नाही.

गळती नाही, मग ऑइल कमी कसं होतं?

बहुतेक वेळा ते जळतं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली ढकलतात, तरी पातळसा थर वर राहतो आणि पेट्रोलबरोबर जळतो. व्हॉल्व्हच्या दांडीवरचं रबरी सील कडक झालं की तिथूनही थेंब थेंब आत उतरतो. थोडी वाफ ब्रीदरच्या नळीतून निघून जाते. थोडंफार ऑइल खाणं हा इंजिनचा दोष नाही. प्रश्न फक्त ‘थोडंफार’ म्हणजे किती, एवढाच.

समजा एखादी बाईक दर हजार किलोमीटरला 100 मिली ऑइल खाते. ऐकायला किरकोळ वाटतं. 6 हजार किलोमीटरला ते होतं 600 मिली. अशा बाईकमध्ये ऑइल मुळात मावतं एक लिटरच्या आसपास. म्हणजे वेळेवर सर्व्हिसिंगला जाणारी गाडीसुद्धा शेवटचे हजार किलोमीटर निम्म्या किंवा त्याहून कमी ऑइलवर चाललेली असते. आणि कारच्या उलट बाईकमध्ये हेच ऑइल इंजिनला, गिअरबॉक्सला आणि क्लचलाही पुरवायचं असतं.

डॅशबोर्डवर इशारा मिळेल, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. बऱ्याच कम्यूटर बाईकमध्ये ऑइलचा दिवाच नसतो. जिथे असतो तिथे तो बहुधा ऑइलचा दाब दाखवतो, पातळी नाही. दाब पडून दिवा लागेपर्यंत इंजिनची झीज सुरू झालेली असू शकते. धुराचंही तसंच. निळसर धूर ही ऑइल जळत असल्याची खूण खरी, पण बीएस-6 गाड्यांमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे सुरुवातीचा हलका धूर डोळ्यांना दिसेलच असं नाही.

साइड स्टँडवर बघितलेली पातळी खोटी

तपासणं पाच-सात मिनिटांचं काम आहे, पण ते चुकीच्या पद्धतीने होतं. सपाट जागा हवी आणि गाडी डबल स्टँडवर. डबल स्टँड नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगायची. इंजिन तीन ते पाच मिनिटं चालवायचं, बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं. वर गेलेलं ऑइल खाली उतरू द्यायचं. मग झाकणाला जोडलेली पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढून पुसायची, परत घालायची आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल कुठे आहे ते बघायचं.

इथे एक मेख आहे. हिरो, होंडाच्या अनेक बाईकमध्ये पट्टी परत घालताना झाकण आटे फिरवून बसवायचं नसतं, नुसतं टेकवायचं असतं. आटे बसवले की पट्टी आणखी खोल जाते आणि पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. आपल्या गाडीला काय लागू आहे, ते मॅन्युअलमध्ये एकदा बघून ठेवलेलं बरं. ज्यांना काचेची खिडकी आहे, त्यांचं काम सोपं. गाडी सरळ धरायची आणि बघायचं.

साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. पट्टी बहुतेक गाड्यांत उजव्या बाजूला. ऑइल डावीकडे सरकतं, पट्टी कमी दाखवते आणि मग वर ओतलं जातं. जास्त ऑइलही वाईटच. क्रँक ते घुसळतो, फेस होतो, ब्रीदरमधून ते एअर फिल्टरपर्यंत पोहोचतं. गॅरेजमध्ये एक लिटरची पूर्ण बाटली रिकामी करण्याची सवयही तपासून बघण्यासारखी आहे, कारण अनेक बाईकना ऑइल बदलताना 800-900 मिलीच लागतं. मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात. मोठा आकडा इंजिन पूर्ण उघडल्यानंतरचा असतो, नेहमीच्या बदलासाठी लहान आकडा बघायचा.

वही नको, मोबाइल पुरे

ऑइल बदललं त्या दिवशी मीटरचा फोटो काढायचा. किती मिली टाकलं ते त्याच दिवशी मोबाइलवर लिहायचं. मग दर हजार किलोमीटरला, म्हणजे रायडरच्या बाबतीत साधारण दहा दिवसांनी, पातळी बघायची. मध्ये टॉप-अप केलं तर तेही लिहायचं. टॉप-अपची नोंद नसेल तर पट्टी प्रत्येक वेळी ‘सगळं ठीक’ सांगत राहते आणि इंजिन किती खातंय ते कळतच नाही.

खरी गोष्ट कळते ती जुनं ऑइल काढताना. आपल्याकडे नवीन ऑइल मोजून घालतात, जुनं मात्र कुणी मोजत नाही. ते ड्रममध्ये जातं आणि त्याबरोबर पुरावाही. मेकॅनिकला सांगून ते रिकाम्या बाटलीत मोजून घेता येतं. समजा 900 मिली टाकलं होतं, मध्ये 100 घातलं, 3 हजार किलोमीटरनंतर निघालं 700. फरक 300, म्हणजे हजारला 100 मिली. थोडं ऑइल आत चिकटून राहतं, त्यामुळे हा आकडा तंतोतंत नसतो. पण बघायचं ते आकडा कुठे चाललाय. हजारला 30, मग 40 आणि अचानक 120, असं झालं तर वेळ आली आहे.

अशा वेळी मेकॅनिकला नुसतं ‘ऑइल खातेय’ सांगण्यापेक्षा धूर कधी दिसतो ते सांगावं. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर जातो. जोर लावताना येत असेल, तर रिंगांवर. सील बदलणं आणि बोअर-पिस्टनचं काम यांच्या खर्चात मोठा फरक आहे. गाडी वॉरंटीत असेल, तर तारखा आणि किलोमीटरची नोंद सर्व्हिस सेंटरमध्ये हातात असलेली बरी.

कधी उलटंही होतं. काहीही न घालता पातळी वाढते आणि पट्टीला पेट्रोलचा वास येतो. म्हणजे पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत हे जास्त. तिथे थांबू नये, ऑइल बदलून कारण शोधावं.

टॉप-अपसाठी कारचं ऑइल चालत नाही. त्यातल्या काही घटकांनी बाईकचा ओला क्लच घसरू शकतो. बाटलीवर जासो एमए किंवा एमए-2 लिहिलेलं आणि मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ऑइल घ्यायचं. एक लिटरच्या बाटलीतून 900 मिली गाडीत गेलं की 100 मिली उरतं. ते गॅरेजमध्ये न सोडता झाकण घट्ट लावून घरी आणलं, तर पहिला टॉप-अप त्यातच होतो.