एकच गोळी, माप मात्र वेगळे

हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेला एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. लहानपणी सांधे धरून ताप येतो, घरचे त्याला साधा ताप समजतात आणि पुढे त्याची किंमत हृदयाच्या झडपेला मोजावी लागते. धातूचा व्हॉल्व्ह बसला की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्माची सोबतीण होते. कोणाला वॉर्फेरिन असते, कोणाला ॲसेनोकुमरॉल. गोळी कमी पडली तर गुठळी होऊन अर्धांगाची भीती, जास्त झाली तर रक्तस्रावाची.

असे दोन रोगी एस.टी. स्टँडवर भेटले की बोलणे ठरलेले. "तुम्हाला दिवसाला दोनच मिलिग्रॅम, मग मला आठ कशी?" एकाला वाटते डॉक्टर चुकले आणि तो आपल्याच मनाने गोळी कमी करतो. घात होतो तो इथेच.

या औषधाचा जन्म शेतकऱ्याच्या गोठ्यातला आहे. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी आलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्त वाहून मरू लागली. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणारे रक्त घेऊन विद्यापीठात गेला. तिथल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातले द्रव्य शोधले. त्यातूनच वॉर्फेरिन आले. १९४८ मध्ये उंदराचे विष म्हणून, १९५४ पासून माणसाचे औषध म्हणून. आपण शेतात वापरतो ते ब्रोमॅडिओलोनही याच कुळातले.

पुढे १९५८ मध्ये स्कॉटलंडातले उंदीर या विषाला दाद देईनात. त्यामागचे जनुक २००४ मध्ये सापडले. नाव व्हीकेओआरसी-१. तेच माणसातही असते! रक्त गोठायला व्हिटॅमिन के लागते. ते पुन्हा पुन्हा वापरात आणणारी यंत्रणा हे जनुक घडवते आणि गोळी नेमकी तीच अडवते. ज्याची यंत्रणा मुळात कमी, त्याला थोडी गोळी पुरते. दुसरे जनुक सीवायपी-२सी९. त्याच्यामुळे यकृत औषधाचा निचरा करते. निचरा सावकाश झाला तर औषध अंगात साचते. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात ते उगाच नव्हे.

मग जनुकांची तपासणी करून डोस ठरवला की झाले? इतके सोपे नाही. २०१३ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. युरोपातल्या चाचणीत फायदा दिसला, अमेरिकेतल्या चाचणीत एकूणात दिसला नाही. तिथल्या कृष्णवर्णीयांचे डोस तर जास्तच चुकले. युरोपीय वंशात आढळणारे फरक तेवढे तपासले होते. परक्याच्या मापाने शिवलेला सदरा आपल्याला कसा बसावा? आपल्या लोकांची जनुके आपल्याकडेच अभ्यासली गेली पाहिजेत.

तोवर खात्रीचा मार्ग एकच, पीटी-आयएनआर ही रक्ताची तपासणी. जनुके कशीही असोत, गोळी अंगी किती लागते ते हा आकडा सांगतो. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही हे खरे; पण धातूच्या व्हॉल्व्हला त्या चालत नाहीत. तेव्हा या रोग्यांची तपासणीतून सुटका नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. या तपासणीसाठी मजुरी बुडवून जिल्ह्याला खेटे घालावे लागले, तर माणूस तपासणीच सोडून देतो. बोटाच्या थेंबभर रक्तावर आयएनआर सांगणारी छोटी यंत्रे आज मिळतात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी ही सोय असलीच पाहिजे. लाखो रुपयांचे ऑपरेशन करायचे आणि पुढच्या तपासणीला हात आखडायचा, हा कुठला हिशेब?

आणि रोग्यांनो, तुम्हीही पथ्य पाळा. मेथी-पालकाच्या दिवसांत ताटभर भाजी आणि एरवी अजिबात नाही, असे करू नका. खाणे सारखे ठेवा. अंगदुखीची गोळी किंवा झाडपाल्याचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. शेजाऱ्याची ख्यालीखुशाली जरूर विचारा, त्याचा डोस मात्र उचलू नका.