दंतकाष्ठापासून धाग्यापर्यंत

वसतिगृहातील एक रात्र माझ्या स्मरणातून जात नाही. तिसरीतला एक मुलगा गाल धरून मुसमुसत बसला होता. बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर मागच्या दोन दाढा जिथे एकमेकींना भिडतात, नेमके तिथेच कीड लागून पोखरले होते. याच मुलाचे दात मी रोज सकाळी परिपाठाच्या रांगेत पाहत असे. समोरचे दात शुभ्र. माझ्या लेखी तो उत्तीर्ण. त्या रात्री उमगले की, आपण स्वच्छतेची तपासणी करीत आलो, सवय लावली नाही.

आपल्या समाजासाठी या भेदाला इतिहासाचे वजन आहे. ज्यांना पाणवठ्यावर पाऊल ठेवू दिले नाही, त्यांनाच अस्वच्छ म्हणून हिणवले गेले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब प्यायले, ते माणूसपणाचा हक्क सिद्ध करण्यासाठी. पुढच्या पिढ्यांनी पांढरीशुभ्र वस्त्रे आणि नीटनेटकी राहणी ही स्वाभिमानाची खूण मानली, ते योग्यच होते. परंतु नकळत एक उणीव राहिली. कोणी बोट दाखवू नये म्हणून स्वच्छ राहायचे, असा मुलांचा समज झाला. आणि जे कोणाला दिसत नाही, ते मागे पडले. दोन दातांमधली फट हे त्याचे लहानसे पण बोलके उदाहरण.

तथागतांनी या गोष्टीकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंना दंतकाष्ठाची, म्हणजे दातवणाची, अनुज्ञा दिलेली आहे आणि त्याचे पाच लाभ सांगितले आहेत: डोळ्यांना हित, मुखदुर्गंधीचा नाश, रसवाहिन्यांची शुद्धी, पित्त व कफाने अन्न न माखणे आणि अन्नाची रुची. हे लाभ दातवण करणाऱ्याच्या स्वतःच्या शरीराचे आहेत. सातव्या शतकात भारतात राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूने विहारांतील दातवणाची आणि जीभ घासण्याची रीत तपशिलाने लिहून ठेवली आहे. तेव्हा मुखशुद्धी हा आपल्या परंपरेत नित्याच्या शिस्तीचाच भाग होता.

आज दातवणाची जागा ब्रशने घेतली आहे. मात्र एकमेकांना चिकटलेल्या दातांच्या आतल्या बाजूंपर्यंत ब्रशचे केस पोहोचत नाहीत. तिथे फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीतून फिरवायचा बारीक धागा, हवा. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे म्हणणे घातक आहे. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकतात, पक्क्या दातांसाठी जागा राखतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ त्यांच्याच मागे येते.

ही सवय धाकाने लागणार नाही. रात्रीचे जेवण आणि वंदना झाल्यावर, झोपण्यापूर्वीच्या ब्रशआधी तिची वेळ ठरवून द्यावी. पहिला आठवडा केवळ मागच्या दाढा. मग हळूहळू बाकीचे दात. आठ-दहा वर्षांपर्यंत मुलांचा हात पुरेसा वळत नाही, म्हणून मोठ्यांनीच धागा फिरवावा. मूठ असलेला फ्लॉस लहान तोंडाला सोयीचा. साधा धागा असेल, तर दीड फूट घेऊन दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावा, दाताला बिलगवून हळुवार वर-खाली न्यावा, हिरडीत खुपसू नये. प्रत्येक मुलाचा धागा वेगळा. पहिले काही दिवस हिरडीतून थोडे रक्त येऊ शकते. दोन आठवड्यांनंतरही येत राहिले, तर दंतवैद्याला दाखवावे. एखादा दिवस चुकला, तर शिक्षा नको. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.

एका अधीक्षकाने इतक्या मुलांचे कसे करावे, हा प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या दातांत मोकळी जागा आहे, त्यांना तूर्त ब्रश पुरतो. दात चिकटलेल्या लहान मुलांच्या तुकड्या पाडून शिक्षकांनी पाळीपाळीने बसावे. मोठ्या विद्यार्थ्यांनी शेजारी बसून स्वतःचे दात साफ करावेत. लहान मुले पाहूनच शिकतात. म्हणूनच पालकांना कळकळीची विनंती आहे की, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत ही सवय मोडू देऊ नका. टाचणीने किंवा आगकाडीने दात कोरणे आणि मुलांसमोर मशेरी लावणे आपण सोडल्याशिवाय आपल्या उपदेशाला अर्थ नाही. माजी विद्यार्थ्यांनी वर्धापनदिनी एखादी शाल कमी करून त्या पैशांत धाग्याच्या डब्या द्याव्यात.

परिपाठातील दातांची तपासणी मी आता बंद केली आहे. रात्री लहान मुलांबरोबर बसतो आणि आधी स्वतःच्या दातांतून धागा फिरवतो. पन्नाशीनंतर ही सवय लावून घेणे मला जड गेले. आपल्या मुलांना ते जड जाऊ नये, एवढीच इच्छा.