दादासाहेबांचे नाव आणि झुडपी जमीन

थोर पुरुषांची नावे सरकारी योजनांना द्यावीत आणि त्यांनी जन्मभर मागितले काय, ते मात्र विसरून जावे, हा आपल्या राज्यकारभाराचा जुना प्रघात आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या बाबतीत तो पुरेपूर पाळला गेला. अनुसूचित जातींतील व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबांस चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची योजना २००४ पासून त्यांच्या नावाने चालते. योजनेचा हेतू चांगला आहे, हे आम्ही प्रथमच सांगून टाकतो. परंतु ही जमीन सरकारने खाजगी मालकाकडून विकत घ्यावयाची असते. म्हणजे कोणी जमीनमालक राजी होईल तेव्हा भूमिहीनाचे भाग्य उघडणार! २०१८ मध्ये जिरायतीस एकरी ५ लाख आणि बागायतीस ८ लाख रुपये अशी कमाल किंमत ठरविण्यात आली. ज्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आणि ज्यातील पवनारपासून शक्तिपीठ महामार्गाची आखणी झाली, तेथे या भावाने कसदार जमीन कोण विकणार? दादासाहेबांचा आग्रह बाजारातल्या जमिनीसाठी नव्हताच. सरकारच्या ताब्यात पडून असलेली जमीन कसणाऱ्याच्या नावे करा, एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती हक्काची होती.

नाशिक जिल्ह्यातील आंबे दिंडोरी येथे १९०२ साली जन्मलेला हा तरुण सार्वजनिक जीवनात गाजला तो मंदिराच्या दाराशी. मार्च १९३० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सत्याग्रह समितीच्या चिटणीसपदाचा भार सत्तावीस वर्षांच्या भाऊराव गायकवाडांवर होता. पाच वर्षे झुंजूनही देवाचे दार उघडले नाही. १९३७ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले. महार वतनाच्या जमिनीने माणसाला पोटापुरते न देता गावकीच्या वेठीस कसे बांधून ठेवले होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. देवळाच्या पायरीपेक्षा शेताचा बांध महत्त्वाचा, हे त्यांच्या पुढील आयुष्याचे सूत्र झाले ते यामुळेच, असे आम्हांस वाटते.

१९५७ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. चळवळीतला माणूस दिल्लीस गेला की त्याची चळवळ संपते आणि निवेदने सुरू होतात, हा अनुभव आपल्याला नवा नाही. दादासाहेबांचे उलट झाले. १९५९ मध्ये त्यांनी महाराष्ट्रात भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला तेव्हा ते लोकसभेचे सभासद होते. पुढे देशव्यापी सत्याग्रह पुकारला तेव्हा राज्यसभेचे. ऑक्टोबर १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांचे निवेदन दिले. कसेल त्याला जमीन, पडीत जमीन भूमिहीनांस, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, बौद्धांना सवलती आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र या मागण्या त्यांत होत्या. उत्तर मिळेना, तेव्हा ६ डिसेंबर रोजी सत्याग्रह सुरू झाला. तुरुंगात गेलेल्यांची संख्या तीन लाखांवर सांगितली जाते. यांतील तैलचित्र लागावयास १९९० साल उजाडले. एक चित्र भिंतीवर टांगण्यास जेथे पंचवीस वर्षे लागतात, तेथे जमिनीचे काय झाले असेल, हे वेगळे सांगावयास नको.

हे सारे वर्ध्याच्या वाचकांस आज का सांगावे? कारण भूमिहीनांस जमीन मिळवून देण्याचा दुसरा मोठा प्रयोग याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. एप्रिल १९५१ मध्ये पोचमपल्लीस पहिले भूदान मिळाले आणि त्याच वर्षी विनोबा पवनारहून पायी दिल्लीस निघाले. मागणाऱ्याने प्रेमाने मागावे, देणाऱ्याने प्रेमाने द्यावे, ही ती वाट. तिच्या थोरवीस आम्ही उणेपणा आणू इच्छीत नाही. परंतु दानात देणाऱ्याची इच्छा प्रमाण असते, आणि घेणाऱ्यापाशी कृतज्ञतेपलीकडे फारसे काही उरत नाही. दादासाहेबांनी भूमिहीनाला कृतज्ञ होण्यास सांगितले नाही. सातबारा मागावयास सांगितले.

तो सातबारा आज पुन्हा ऐरणीवर आला आहे. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, आणि गावोगावची झुडपी जमीन, जिच्यावर गुरे चरत व लोकांचा निस्तार चाले, ती सरकारजमा झाली. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वन ठरविली. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने जी जमीन रीतसर वाटली, तिला केंद्राच्या मंजुरीने सूट मिळविण्याचा मार्ग न्यायालयाने ठेवला आहे. वन राखले पाहिजे, याविषयी आमचा वाद नाही. आमचा प्रश्न 'रीतसर' या शब्दाविषयी आहे. कचेरीला, शाळेला, वसाहतीला जमीन देताना कागद झाला. ज्याने काट्याकुट्या उपटून दोन एकर तुकड्यात तूर पेरली, त्याला कागद कोणी दिला? त्याचे नाव आजवर दप्तरात आलेच असेल तर 'अतिक्रमक' म्हणून.

जमीन वन ठरली असेल तर २००६ चा वनहक्क कायदाही तिच्यामागोमाग आला पाहिजे. दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत वननिवासींना हुसकावू नये, असे त्या कायद्यात स्पष्ट आहे. पण येथेही मेख आहे. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतरांना त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य. हिशेब केला तर साल येते १९३०! ज्या वर्षी अस्पृश्याला रामाच्या देवळाच्या दारात उभे राहू दिले गेले नाही, त्या वर्षापासूनचा पुरावा त्याच्या नातवाने आज तहसीलदारापुढे ठेवावयाचा आहे.

वर्धा, देवळी, हिंगणघाट आणि आर्वी या चारही मतदारसंघांच्या आमदारांस आम्ही एवढेच विचारतो: आपल्या क्षेत्रातील कोणत्या गावात किती झुडपी जमीन आहे, ती कोण कसतो आणि कधीपासून, याची यादी आपल्यापाशी आहे काय? नसेल तर विधानसभेत ती मागावी. सरकारने शेतमजुराचे दोन एकर आणि धनिकाचे गोदाम यांची नोंद एकाच रकान्यात करू नये. आणि एकही नांगर बाहेर काढण्यापूर्वी ही यादी प्रत्येक गावच्या चावडीवर लागावी, ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी आणि तिच्यावर हरकत घेण्यास भूमिहीनाला पुरेशी मुदत मिळावी.