वाटाड्या कुठे बसवावा?

घरात देव्हारा कोणत्या दिशेला मांडावा, यावर आपल्याकडे चार वडीलधारी माणसे चार दिवस वाद घालतील. चूल कुठे, माठ कुठे, यालाही रीत आहे. पण मोटारीत वाट दाखवणारा मोबाईल कुठे बसवावा, याचा विचार कोणी करताना दिसत नाही. जिथे चिकटेल तिथे तो बसतो. विषय क्षुल्लक वाटेल; मलाही वाटला होता. म्हणूनच तो येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

माझे वडील भाड्याची गाडी चालवतात. चितेगावहून शहर, बिडकीन, पैठण अशा त्यांच्या फेऱ्या. ‘कमवा व शिका’ योजनेत मिळालेल्या पैशांतून मी त्यांना मोबाईलचा स्टँड आणला आणि मोठ्या हौसेने पुढच्या काचेवर, अगदी मधोमध, रबरी वाटी दाबून बसवला. अण्णा म्हणाले, “काच बघायसाठी असती बाई, डकवायसाठी न्हाई.” मी म्हणाले, “अण्णा, त्याला वरून उपग्रह दिसले पाहिजेत.” शिकणाऱ्या मुलीपुढे ते गप्प बसले.

नाथषष्ठीचे दिवस होते. पैठणच्या रस्त्याने दिंड्या चालल्या होत्या. बिडकीनच्या अलीकडे एक वारकरी आजोबा डावीकडून रस्ता ओलांडू लागले. शेजारच्या सीटवरून मला ते स्पष्ट दिसले. अण्णांच्या नजरेला मात्र ते मोबाईलच्या आड गेले होते. मी ओरडले, ब्रेक लागला, आजोबा सुखरूप पलीकडे गेले. अण्णा मला एक शब्दही बोलले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. वाट दाखवायला आणलेल्या वस्तूनेच वाट झाकली होती, आणि ती मी बसवली होती.

त्यानंतर मी या गोष्टीची माहिती काढली, तेव्हा माझे ज्ञान अर्धवट असल्याचे कळले. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतात. आपल्या भारतानेही २०१३ पासून स्वतःचे असे उपग्रह सोडले. त्या व्यवस्थेला ‘नाविक’ म्हणतात. जागा नीट कळायला निदान चार उपग्रहांचे संदेश मिळावे लागतात. हे संदेश पत्र्याने अडतात, पण साध्या काचेतून आणि प्लॅस्टिकमधून आत येतात. म्हणजे मोबाईल काचेला चिकटवण्याची गरजच नाही. काचेच्या खाली, डॅशबोर्डवरही त्याचे काम नीट चालते. शिवाय आपल्या मराठवाड्याच्या वैशाखात काचेला लावलेला मोबाईल तापून बंद पडतो, तो वेगळाच.

मग योग्य जागा कोणती? मांडीवर किंवा गिअरजवळ ठेवला तर मान खाली घालावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. दोन सेकंद मान खाली गेली, तर ३३ मीटर रस्ता न पाहताच मागे पडला. उजव्या कोपऱ्यात काचेशेजारचा खांब आधीच बरेच काही झाकतो. तिथे आणखी भर नको. एअरबॅगच्या झाकणावर किंवा तिच्या वाटेत तर मुळीच नको, कारण ती फुगताना स्टँडच अंगावर फेकला जाईल. माझ्या मते स्टेअरिंगच्या डावीकडे, काचेच्या खालच्या कडेपेक्षा खाली, पण नुसती नजर वळवली की दिसेल एवढ्या उंचीवर तो असावा. ठिकाण निघण्यापूर्वी घालावे, रात्री उजेड मंद करावा आणि पुढचे काम कानांवर सोपवावे. सूचना मराठीतही ऐकता येतात.

कायद्यानेही हे ओळखले आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमाप्रमाणे गाडी चालवताना हातातले असे उपकरण केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, वापरता येते. ही रीत कोणती, ते ठरवणे आपल्यावर आले.

पण खरी अडचण निराळीच आहे. मागे बसलेल्या गिऱ्हाइकाला नकाशा दिसायला हवा असतो. “वर लावा, आम्हालाही बघू द्या,” असे अण्णांना कितीदा तरी ऐकावे लागते. म्हणजे मोबाईल वाटेसाठी कमी आणि चालकावर पाळत ठेवण्यासाठी अधिक! ज्या माणसाला पैठण रस्त्यावरचा प्रत्येक फाटा ठाऊक आहे, त्याच्या डोळ्यांपुढे आपला अविश्वास टांगून त्याच्याकडून सुखरूप पोहोचवण्याची अपेक्षा करायची, हा कुठला न्याय? ज्यांना मार्ग तपासायचा असेल त्यांच्या खिशात स्वतःचा मोबाईल असतोच.

मात्र गिऱ्हाइकाला दोष देताना मला स्वतःकडेही पाहावे लागते. मीही स्टँड लावला तो शेजारच्या सीटवर बसून. चालकाच्या जागेवर बसून समोर काय दिसते, हे पाहण्याचे मला सुचले नाही. अण्णांनी एका वाक्यात जे सांगितले होते, ते समजायला मला एका म्हाताऱ्या माणसाचा जीव धोक्यात यावा लागला.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी गाडी चालवते आणि मोबाईलचे काम आले की ते आपल्याकडे सोपवले जाते. मित्रमैत्रिणींनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा स्टँड लावण्यापूर्वी एकदा चालकाच्या जागेवर बसा, आणि जो गाडी चालवतो त्याला आधी विचारा. आमचा स्टँड आता खाली आहे. काच मोकळी आहे.